एक लेकरासाठी, एक घरातल्या मोठ्यांसाठी

गावासाठी पुस्तकं घ्यायची ठरली की पहिली मागणी यादीची होते. मराठवाड्यात कन्नड तालुक्यातल्या पिशोरसारख्या बाजाराच्या गावात ती कुणीही करू शकतं: शाळेतले गुरुजी, वाचनालय काढू पाहणारी तरुण मंडळी, मुलाच्या वाढदिवसाला पुस्तक द्यावं असं वाटणारे आईवडील. यादी मिळतेही. ‘मुलांसाठी पन्नास’ आणि ‘मोठ्यांसाठी शंभर’ अशा दोन याद्या शहरातून कुणीतरी पाठवतं, पुस्तकं येतात, फीत कापली जाते आणि वर्षभरानं कपाट उघडावं तर बहुतेक पुस्तकं कोरी करकरीत. यात पुस्तकांचा दोष क्वचितच असतो. खरी गफलत दोन याद्या वेगवेगळ्या करण्यात आहे. म्हणून या लेखाचं सांगणं एवढंच आहे की पुस्तकं जोडीनं निवडा. एका विषयावरचं एक पुस्तक लेकराच्या हाती जाईल असं, आणि त्याच विषयावरचं दुसरं त्याच घरातल्या मोठ्या माणसाला वाचावंसं वाटेल असं. भाषा, प्रांत, जात, धर्म, विषय अशी सगळी विविधता हवीच. पण ती अशा जोड्यांच्या वाटेनं घरात यावी.

याचा पुरावा शोधायला लांब जायला नको. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. वरच्या शिक्षणाचं माध्यम उर्दू होतं, खेड्यांत शाळा तुरळक होत्या, लिहिता-वाचता येणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. तरीही श्रीधरस्वामींचे हरिविजय, रामविजय आणि पांडवप्रताप हे ग्रंथ घराघरांत ठाऊक होते. चातुर्मासात एकानं ओवी वाचायची, अर्थ लावायचा आणि बाकीच्यांनी ऐकायचं, असा तो रिवाज. ऐकणाऱ्यांत आजी असायची, गडीमाणूस असायचा, पेंगुळलेलं पोरही असायचं. दुसऱ्या दिवशी औत हाकताना भीमाचा विषय निघाला तर तो ज्याला-त्याला कळायचा. हे श्रद्धेपोटी झालं, असा आक्षेप कुणी घेईल आणि तो निम्मा बरोबर आहे. पोथी सोडली जायची ती श्रद्धेनं; पण त्यातले प्रसंग रोजच्या बोलण्यात उतरले ते तीन पिढ्यांनी एकाच वेळी ऐकले म्हणून. घरात ज्या पुस्तकाबद्दल बोलायला दुसरं माणूस आहे, ते पुस्तक टिकतं.

शाळेच्या कपाटातल्या पुस्तकाला नेमकं हेच माणूस मिळत नाही. मूल ते घरी नेतं, दप्तरात ठेवतं आणि फाटलं तर भरून द्यावं लागेल या धाकानं तसंच परत करतं. त्यात वाचण्याची अडचण वेगळीच. ‘असर’ या शिक्षणविषयक अहवालाच्या २०२२ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या शंभरांपैकी जेमतेम ४३ मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. करोनात शाळा बंद राहिल्याचा परिणाम त्यात आहे, हे मान्य. पण अडखळत वाचणाऱ्या मुलाला नुसतं पुस्तक देऊन भागत नाही. शेजारी बसून वाचणारं, निदान ऐकणारं कुणी लागतं. मोठ्या माणसानं रोज कर्तव्य म्हणून बसावं, ही अपेक्षा चार दिवस टिकते. त्यालाच त्या विषयाची गोडी लागली तर ती जास्त टिकेल. जोडीतलं दुसरं पुस्तक असतं ते त्यासाठी.

पहिली जोडी जिल्ह्याच्या मातीतूनच उचलता येईल. कन्नड तालुक्यात गौताळ्याच्या जंगलात पितळखोऱ्याची लेणी आहेत. त्यांतली सर्वांत जुनी कामं इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली, आणि तिथल्या शिलालेखांत पैठणच्या दात्यांची नावं आहेत. पलीकडे सोयगाव तालुक्यात अजिंठा. तिथल्या १७ क्रमांकाच्या लेण्यात विश्वंतर आणि महाकपी या जातकांची, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या गोष्टींची, तर १० क्रमांकाच्या लेण्यात षड्दंत हत्तीच्या जातकाची चित्रं आहेत. सहलीला गेलेली मुलं ती भिंत पाहून पुढं सरकतात, कारण गोष्ट ठाऊक नसेल तर भिंतीवर नुसते रंगच दिसतात. म्हणून लहानांसाठी अमर चित्रकथेतली जातकं घ्यावीत. मोठ्यांसाठी दुर्गा भागवतांनी मराठीत आणलेल्या ‘सिद्धार्थ जातक’ या सात खंडांपैकी एखादा आणि धर्मानंद कोसंबींचं ‘भगवान बुद्ध’ घ्यावं. सहलीच्या आधी आठवडाभर मुलांनी आणि पालकांनी आपापलं वाचलं, तर लेण्यात उभं राहिल्यावर मार्गदर्शकाची वाट पाहायची गरज पडणार नाही.

दुसरी जोडी गणित-विज्ञानाची, आणि तिचीही मुळं जवळचीच आहेत. गौताळ्याच्या डोंगराला लागून, चाळीसगावच्या अंगाला पाटणादेवी आहे. तिथल्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चंगदेव यानं १२०७ मध्ये आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. पुस्तक शिकवण्यासाठी संस्था काढण्याची ही आठशे वर्षांपूर्वीची गोष्ट आपल्याच डोंगररांगेत घडली. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तली उदाहरणं हंस, भुंगे, साप-मोर यांच्या गोष्टींतून घातलेली आहेत. ना. ह. फडके यांचं ‘लीलावती पुनर्दर्शन’ गणिताच्या शिक्षकांनी आणि दहावीपुढच्या मुलांनी चाळण्यासारखं आहे. लहानांना मात्र तिथून सुरुवात करायला लावू नये. त्यांच्या हाती जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा द्याव्यात. १९७९ चा ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह आठवी-नववीच्या मुलाला झेपतो आणि विज्ञानाशी संबंध तुटलेल्या बापालाही खिळवून ठेवतो. जंगलाचा विषय घ्यायचा तर व्यंकटेश माडगूळकरांची ‘सत्तांतर’ ही छोटी कादंबरी आहे. तिची सगळी पात्रं वानरं आहेत, आणि वानरांचे कळप इकडच्या पोरांना नवे नाहीत. तिच्या जोडीला मोठ्यांसाठी मारुती चितमपल्लींचं ‘रानवाटा’ शोभेल.

शेतीवरचं वाचायला शेतकऱ्याला आवडेल का, अशी शंका घेतली जाते. दिवसभर कपाशी-मक्याच्या रानात राबून आलेला माणूस रात्री पुन्हा तेच कशाला वाचेल? पण माणूस आपल्या कामाबद्दलचं वाचतो ते माहितीसाठी नव्हे, आपलं जगणं दुसऱ्या कुणी शब्दांत धरलंय का, हे पाहण्यासाठी. सोयगाव तालुक्यातल्या पळसखेडचे ना. धों. महानोर स्वतः शेती करत कविता लिहीत होते. त्यांचा ‘रानातल्या कविता’ १९६७ मध्ये आला आणि ‘पानझड’ला २००० मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. घाट उतरून गेलं की जळगावजवळचं असोदे हे बहिणाबाई चौधरींचं माहेर. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी इतरांनी टिपून ठेवली आणि त्यांच्या पश्चात १९५२ मध्ये पुस्तकरूपानं आली. ती गाणी मुलांनी मोठ्यानं म्हणावीत आणि घरातल्या आजीनं त्यातले शब्द समजावून द्यावेत. इथं जोडी उलटी होते: वाचणारं लेकरू, शिकवणारी आजी. साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या गोळा करून ‘स्त्रीजीवन’ लिहिलं. ते आजीला वाचून दाखवलं तर तिला येणाऱ्या आणखी ओव्या निघतील आणि मुलाच्या वहीत नवा संग्रह तयार होईल. त्याच शेल्फवर मोठ्यांसाठी रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ असावी. मराठवाड्याच्या बोलीतली ही कादंबरी १९७१ ची, पण गावातल्या धंद्याची आणि घराची मोडतोड तिच्यात आजही ओळखू येते.

अगदी लहानांच्या बाबतीत चूक होते ती स्वस्त संचांमुळे. बाजारात ‘एकशे एक बोधकथा’ अशी चकचकीत पुस्तकं मिळतात. त्यांवर लेखकाचं नाव नसतं, चित्रकाराचं नसतं, आणि प्रत्येक गोष्टीखाली तात्पर्य मात्र असतं. खरेदी करताना एक साधी कसोटी लावावी: ज्या पुस्तकावर लिहिणाऱ्याचं आणि चित्रं काढणाऱ्याचं नाव नाही, ते घेऊ नये. ज्याला आपल्या कामाखाली सही करावीशी वाटत नाही, त्याचं काम आपल्या लेकराला कशाला? माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’ आणि ‘यश’च्या गोष्टी ही पुस्तकं याच्या अगदी उलट टोकाला आहेत. घरातली माणसं, त्यांच्या सवयी, लहान मुलाचा रुसवा एवढ्यावरच ती उभी आहेत. तात्पर्य कुठंच नाही. वाचायला न येणारं मूल चित्रांवरून गोष्ट सांगू शकतं. त्यांनीच संपादित केलेल्या ‘वाचू आनंदे’ या मालिकेत मराठीतले निवडक उतारे वयोगटांनुसार आणि चित्रांसह लावले आहेत. वर्गात रोज एक पान वाचून दाखवायला याहून सोयीचं साधन शोधून सापडायचं नाही. या वयाच्या पुस्तकांची जोडी पालकांच्या शाळाविषयक विचारांशी लावावी. माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त एक कोवळा मास्तर धनगरांच्या वस्तीवर शाळा चालवायला जातो, १९५५ ची ही कादंबरी दोन बैठकांत संपते आणि शाळा गावाची कधी होते, हा प्रश्न मागं ठेवते. गिजुभाई बधेका यांचं ‘दिवास्वप्न’ हे मूळ गुजराती पुस्तक मराठीतही आहे; ते प्रत्येक शाळा व्यवस्थापन समितीनं एकदा वाचावं. नववीतल्या मुलाच्या घरी मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ असावी आणि ती आधी आईबापांनी वाचावी. त्या वयाच्या मुलाच्या मनात काय चाललेलं असतं, ते त्यांना मुलाला न विचारताही कळेल.

पोथी ऐकणाऱ्या गावाला महाभारत नव्यानं देता येतं. मुलांना चित्रकथा आणि मोठ्यांना इरावती कर्वे यांचं ‘युगान्त’, अशी ही जोडी. ‘युगान्त’ला १९६८ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, त्यातली गांधारी, कुंती, कर्ण ही पोथीतलीच माणसं आहेत, पण लेखिका त्यांच्याकडे माणूस म्हणून पाहते आणि प्रश्न विचारते. ज्याला आणखी मोठा ग्रंथ पेलतो त्यानं एस. एल. भैरप्पांची ‘पर्व’ घ्यावी. यावर कुणी म्हणेल, श्रद्धास्थानांची चिकित्सा गावात कशाला आणायची? पण सप्ताहात कीर्तनकार महाभारतातले प्रसंग उलगडताना हेच प्रश्न उभे करतात आणि लोक ते मन लावून ऐकतात. गावाला चिकित्सेचं वावडं नसतं. परक्यानं येऊन हिणवल्याचं असतं. ही पुस्तकं हिणवत नाहीत.

आता महाराष्ट्राबाहेर. साने गुरुजींनी १९४९ च्या पुण्याच्या साहित्य संमेलनात ‘आंतरभारती’ची कल्पना मांडली: भारतीय भाषांनी एकमेकींना ओळखावं, एकमेकींचं वाचावं. ‘भारतीय पुस्तकं’ म्हणून आपण इंग्रजीत गाजलेली चार नावं धरून बसतो, तिथं हा विचार अजून कामाचा आहे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आवडलेल्या मुलाला पुढचं पुस्तक म्हणून सत्यजित राय यांचा फेलूदा द्यावा. अशोक जैन यांनी केलेले अनुवाद ‘रोहन’नं काढले आहेत. फुरसुंगीचा बनेश, म्हणजे फास्टर फेणे, आणि कोलकात्याचा फेलूदा यांची तुलना पोरं आपसूक करतात आणि त्यातूनच दुसरा प्रांत ओळखीचा होतो. आर. के. नारायण यांचं ‘मालगुडी डेज’ मधुकर धर्मापुरीकर यांच्या मराठीत वाचता येतं. मालगुडी काल्पनिक असलं तरी तिथला बाजार, उधारी आणि फुशारक्या पिशोरच्या बाजारात परक्या वाटणार नाहीत. मोठ्यांसाठी कन्नड भाषेतल्या शिवराम कारंतांची ‘डोंगराएवढा’ उमा कुलकर्णींनी मराठीत आणली आहे. घाटाच्या रानात शेती वसवणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याची ती गोष्ट डोंगराच्या पायथ्याला शेती करणाऱ्याला आपलीच वाटेल. हिंदी तर शाळेतच शिकलेली असते, म्हणून प्रेमचंद मुळातूनच वाचावेत: मुलांना ‘ईदगाह’, मोठ्यांना १९३६ ची ‘गोदान’. कर्ज, गाय आणि मरजाद यांत पिचणारा होरी ओळखायला मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला प्रस्तावना लागणार नाही. उर्दू वाचणाऱ्या घरांसाठी ‘बच्चों की दुनिया’ हे मासिक आणि त्याच्या जोडीला वैजापूरचे कवी सिकंदर अली वज्द यांच्या कविता ठेवाव्यात. वेरूळ-अजिंठ्यावर त्यांनी उर्दूत लिहिलं आहे. आधी मराठीतलं सगळं वाचा, मग परकं, हा आक्षेप इथं हमखास येतो. मराठीतलं सगळं वाचून कुणाचंच होत नाही, आणि चांगला अनुवाद हे मराठीचंच पुस्तक असतं. फक्त अनुवादकाचं नाव पाहावं आणि विकत घेण्याआधी एक पान मोठ्यानं वाचावं. जीभ अडखळली तर पुस्तक खाली ठेवावं.

सगळ्यांत अवघड जोडी जातीच्या अनुभवाची, आणि तीच याद्यांतून सर्वांत आधी गळते. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ चं, लक्ष्मण मानेंचं ‘उपरा’ १९८० चं; बेबी कांबळेंचं ‘जिणं आमुचं’ हे बाईच्या बाजूनं सांगितलेलं. औरंगाबादच्या कॉलेजात शिकवणाऱ्या प्र. ई. सोनकांबळे यांचं ‘आठवणींचे पक्षी’ शिक्षणासाठी दारोदार फिरलेल्या पोरक्या पोराचं आहे, म्हणून दहावीच्या वयाच्या मुलांना ते सर्वांत आधी द्यावं. मोठ्यांनी त्याच्याबरोबर महात्मा फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ वाचावा. कर्ज, अज्ञान आणि कचेरीतली नागवणूक यांबद्दल १८८३ मध्ये लिहिलेलं हे पुस्तक कुठल्याही जातीच्या शेतकऱ्याला भिडतं. ‘याच्यानं गावात भांडणं लागतील’ ही भीती खोटी नाही. पण या पुस्तकांतलं वास्तव वाचनानं निर्माण होत नाही, ते आधीपासून असतं. वाचनामुळं फक्त एका बाजूला ठाऊक असलेली गोष्ट दुसऱ्या बाजूलाही कळते. ही पुस्तकं जाहीर वाचनानं सुरू करू नयेत, घरी नेऊ द्यावीत. बोलणं आपोआप नंतर होतं.

आता व्यवहाराचे आक्षेप. पालक म्हणतात, मुलाला भरती नाहीतर एमपीएससी द्यायची आहे, गोष्टी वाचून काय होणार? उत्तर साधं आहे. त्या परीक्षांत उतारे असतात, निबंध असतो, इतिहास-भूगोल असतो. भराभर आणि नेमकं वाचता येणं ही त्या सगळ्यांची पहिली पायरी. गाईड पाठ करून ती चढता येत नाही. दुसरा आक्षेप पैशांचा. समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या पातळीनुसार ५,००० ते २०,००० रुपयांपर्यंत ग्रंथालय-अनुदानाची तरतूद आहे. ती रक्कम ठोक संचांवर न घालवता सुट्या पुस्तकांवर खर्च करावी. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अ, ब, क, ड वर्गांतल्या वाचनालयांना अनुदान मिळतं. तिथल्या समितीनं खरेदीला बसताना शाळेतला एक शिक्षक सोबत घेतला तर जोड्या लावणं सोपं जाईल. नॅशनल बुक ट्रस्टची पुस्तकं स्वस्त असतात, राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाची कित्येक पुस्तकं संकेतस्थळावर फुकट आहेत. जिल्ह्याच्या ग्रंथोत्सवात पुस्तक हाताळून घेता येतं. आणि वेरूळ आता शासनाच्या ‘पुस्तकांचं गाव’ योजनेत आहे. लेणी पाहायला गेलेल्यांनी तिथं दोन तास बसून कोणती पुस्तकं मुलं आपणहून उचलतात ते पाहावं आणि मगच खरेदीची यादी करावी.

मोबाइलबद्दलची तक्रार मात्र जरा बाजूला ठेवावी. १९७१ पासून निघणाऱ्या ‘किशोर’चे जुने अंक बालभारतीनं इंटरनेटवर खुले केले आहेत, आणि प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीविव्हर’वर मराठीसह अनेक भारतीय भाषांतल्या सचित्र गोष्टी २०१५ पासून मोफत आहेत. पुस्तक आणायला शहरात जाता येत नसेल तेव्हा मोबाइल हेच दुकान. पडद्यावर एकटं पाहण्यापेक्षा दोघांनी मिळून पाहणं महत्त्वाचं, हे तिथंही लागू आहे. आणि ‘आमच्या घरी मोठं कुणी वाचतच नाही’ हे उत्तर असेल, तर जोडीतलं मोठ्यांचं पुस्तक मुलानं किंवा शेजारच्या कॉलेजातल्या पोरीनं वाचून दाखवावं. पोथीच्या काळी तरी घरात किती जणांना वाचता येत होतं?

सुरुवात पाच जोड्यांनी, म्हणजे दहा पुस्तकांनी करावी: एक लेण्यांची, एक शेतीची, एक शाळेची, एक परप्रांताची आणि एक अशी, की जी निवडताना समितीत थोडी वादावादी होईल. देवघेवीच्या वहीत मुलाचं आणि मोठ्यांचं नाव एकाच ओळीत लिहावं. पुस्तक फाटलं तर दंड घेऊ नये. फाटलेलं पुस्तक वाचलेलं असतं. दर तीन महिन्यांनी वही पाहावी. ज्या जोडीतलं एकच पुस्तक फिरलं असेल तिथं दुसरं बदलावं. जी अजिबात हलली नसेल ती काढून शेजारच्या गावाशी अदलाबदल करावी. अशा वहीतून दोन वर्षांत पिशोरची स्वतःची यादी तयार होईल, आणि शहरातून आलेल्या कुठल्याही यादीपेक्षा ती जास्त भरवशाची असेल.